पूर्णविरामाला दोन्ही पाय

भाची बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आत्या, मी बोलण्यात नापास झाली."

मला आधी हसूच आलं. ही पोट्टी बोलण्यात नापास? लहानपणी हिला गप्प करायला अख्खं घर लागायचं. पण तिचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. भाची नर्स आहे. चार वर्षं संभाजीनगरच्या एका दवाखान्यात रात्रपाळ्या, दिवसपाळ्या करून तिनं इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलचं पत्र मिळवलं होतं. पत्र मिळालं तरी एक इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. वाचणं, लिहिणं, ऐकणं, तिन्हीत ती निघाली. बोलण्यात थोडक्यात राहिली. आता सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा बसता येणार होतं. तेवढ्यात जमलं तर जागा तिची, नाहीतर दुसरीची.

"माह्या मागं रांग लागली आहे आत्या," ती म्हणाली. "हॉस्पिटलवाले आता थांबणार नाहीत."

"रांग लागू दे. तू हात धुऊन जेवायला बस," मी म्हटलं.

देऊळगाव राजाच्या शाळेत मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. माझ्या हाताखालून गेलेली पोरं तहसीलमध्ये आहेत, बँकेत आहेत, एक तर कुठल्याशा जहाजावर आहे. आणि माझ्याच भावाची पोरगी बोलण्यात राहते म्हणजे काय? मला राग आला. कोणाचा ते कळेना, पण राग आला आणि मी ठरवलं, हिला पास केल्याशिवाय सोडायची नाही.

संध्याकाळी मी पेशंट झाले. परीक्षेत तसंच असतं म्हणे, समोरचा पेशंट होतो आणि आपण नर्स. मी पलंगावर कण्हत पडले. भाची बोलायला लागली.

देवा रे! तिच्या तोंडून निघालं ते इंग्रजीच होतं, पण कोणाचं होतं कोण जाणे. 'र' कुठं गेला पत्ता नाही. 'ट' निम्मा गिळलेला. एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर चढलेलं. पडल्या पडल्या मी तीन वेळा विचारलं, काय म्हणालीस, आणि चौथ्यांदा उठून बसले.

"मले काहीच समजलं नाही, बाई."

"आत्या, तिकडं असंच बोलतात."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"इंग्लंडात."

"तू जाऊन आली काय?"

ती गाल फुगवून बसली. मग कळलं की ती सहा महिने मोबाइलवर एका माणसाकडून तीस दिवसांत गोऱ्यांसारखं बोलायला शिकत होती. आपलं बोलणं गावंढळ वाटू नये म्हणून. दवाखान्यात पुण्याची एक सिस्टर तिच्या इंग्रजीला हसायची, तेव्हापासून.

यात नवीन काही नव्हतं. आमच्या घरात दर पिढीला इंग्रजी बदलत आली आहे. माझे वडील, म्हणजे हिचे आबा, 'डाक्टर' म्हणायचे, 'इस्टेशन' म्हणायचे, सुई टोचायला 'इंजिशन' म्हणायचे, आणि असं ठासून म्हणायचे की खरा डॉक्टरसुद्धा त्यांच्याशी बोलताना 'इंजिशन' म्हणून जायचा. मी 'डॉक्टर' म्हणायला शिकले. ही पोरगी 'डॉक्टा' म्हणायला लागली. माझ्या शाळेत जालन्याकडून आलेली पोरं एका चालीत वाचतात, मेहकरकडची दुसऱ्या. डोळे मिटून ऐकलं तरी मी सांगू शकते कोण कुठल्या एसटीनं आलं. पण हे सगळं कुणापासून तरी सुरू होतं, आणि माझ्या इंग्रजीची सुरुवात माझ्या गावच्या, डोणगावच्या शाळेतल्या आमच्या सरांपासून झाली.

सरांना लहानपणी ताप आला होता आणि डावा पाय बारीक राहिला होता. त्यांचे वडील शेगाव स्टेशनवर हमाल. तिथं दक्षिणेकडचा एक स्टेशनमास्तर होता. तो संध्याकाळी या लंगड्या पोराला बाकावर बसवून इंग्रजी शिकवायचा. त्यामुळे सरांचा 'र' असा कडक होता की वर्गाच्या खिडक्या वाजायच्या. तो 'र' स्टेशनमास्तरचा. पण त्यांची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. ते आम्हाला वर्गात बसवायचेच नाहीत. पुस्तक हातात घेऊन मैदानात काढायचे आणि स्वतः पुढं चालायचे. आम्ही चाळीस पोरं मागं. एका शब्दाला एक पाऊल. स्वल्पविराम आला की एक पाऊल मुक्यानं टाकायचं. पूर्णविराम आला की दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचं वाक्य. "पूर्णविरामाले दोन्ही पाय!" असं ते ओरडायचे. ज्याचा एक पाय पुढं गेला त्याला पहिल्यापासून चालावं लागायचं.

आता सरांना पाय जुळवायचे म्हणजे उजवा पाय रोवून डावा ओढत आणावा लागायचा. त्याला वेळ लागायचा. तेवढा वेळ वाक्यातला शेवटचा शब्द लांबायचा. 'मिऽऽल्क'. 'रिव्हऽऽर'. ते जे करायचे तेच आम्ही मागं करायचो. चाळीस धडधाकट पोरं शेवटचा शब्द लांबवत डावा पाय मातीतून ओढायची. आम्हाला वाटायचं इंग्रजी अशीच असते. गावात कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आईबाप कौतुकानं कुंपणाशी उभे राहून पाहायचे.

मग मी पुण्याला बी.एड.ला गेले. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी उभं करून एक उतारा वाचायला लावला. मी डोणगावच्या ठसक्यात वाचला. वर्गात आधी कुजबुज, मग खसखस. प्राध्यापक सभ्य होते, ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर दमता का हो?"

त्यावर मात्र सगळा वर्ग फुटला. मला इतकी लाज वाटली की मी दोन दिवस जेवणाच्या खोलीत गेले नाही. तिसऱ्या दिवशी लाजेचा राग झाला आणि मी कंबर कसली. रोज सकाळी होस्टेलच्या गच्चीवर मोठ्यानं वाचायचं, रेडिओवरच्या बातम्यांमागोमाग बोलायचं, शेवटच्या शब्दाची शेपटी कापायची. कितीही कापली तरी ती उगवायची. एक दिवस गच्चीवर फेऱ्या मारत वाचत होते आणि सहज खाली लक्ष गेलं. पूर्णविराम आला होता आणि माझा डावा पाय फरशीवरून घासत येत होता. माझा! ज्याला साधी ठेचसुद्धा नीट लागलेली नव्हती तो पाय!

तेव्हा मला सगळं समजलं. आणि जे समजलं त्यानं मी चिडून लाल झाले.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले ती थेट सरांच्या घरी. ते ओसरीवर बसले होते. मला पाहून त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू. शेजारच्यांना हाक मारून सांगितलं, माझी विद्यार्थिनी पुण्याहून आली. मग म्हणाले, "बोल पोरी. पुण्याची इंग्रजी ऐकव मले."

मी ऐकवली. भरभर, गुळगुळीत, शेपटी कापलेली. ते कान देऊन ऐकत होते. आणि संपल्यावर मी म्हटलं, "सर, पाय तुमचा लंगडा होता. आमची इंग्रजी काऊन लंगडी केली?"

शेजारी ऐकत होते. सरांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं, धोतराचा काठ त्याच्यावर ओढला आणि म्हणाले, "चहा घे." मी चहासुद्धा न घेता निघाले. मला वाटलं, बरं सुनावलं.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे या भाचीचा बाप, तेव्हा सरांच्या वर्गात होता. सुट्टी संपल्यावर त्याचं पत्र आलं. सर आता मैदानात नेत नाहीत, खुर्चीत बसून शिकवतात, असं त्यात होतं. रिटायर होईपर्यंत ते खुर्चीतच बसले. आजही डोणगावात इंग्रजी बोलणारा माणूस भेटला की पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतं, हा चालून शिकलेला की खुर्चीतला. खुर्चीतले भरभर वाचतात आणि मधेच अडखळतात. ही दोन इंग्रजींमधली हद्द मी आखली, बावीस वर्षांच्या वयात, तोंडाला आलं ते बोलून. ते पत्र वाचल्यावर मला जे वाटलं ते पुढं इतकी वर्षं वाटतच राहिलं. पण सरांकडे जायची हिंमत झाली नाही. डोणगावला गेले तरी त्यांच्या गल्लीतून जाणं टाळायचे.

तर ही भाची. मी आधी तिला तेच दिलं जे स्वतः घासूनपुसून मिळवलं होतं, माझी पुण्याची इंग्रजी. दोन आठवडे रोज तालीम. झालं असं की मोबाइलवाल्याच्या रंगावर माझा रंग चढला आणि खालचं काहीच दिसेना. पोरगी तोंड उघडायच्या आधी विचार करायला लागली की कोणासारखं बोलायचं. वाक्य अर्धं सोडून द्यायला लागली. एका सकाळी तिनं पुस्तक भिरकावलं.

"जाऊ दे आत्या. माह्यानं नाही होत. मी पत्र परत करून टाकतो."

मी तिच्याकडे पाहिलं. गच्चीवरची मीच होते ती, नाकाचा शेंडा लाल, डोळ्यांत पाणी येऊ न देण्याचा अट्टाहास. चार आठवडे उरले होते. आणि मला एकच गोष्ट माहीत होती जिनं पोरं थांबायला शिकली होती.

"उठ," मी म्हटलं. "चपला घाल. पुस्तक घे."

आमच्या गल्लीतल्या बुद्धविहारासमोर मोकळी जागा आहे. सकाळी तिथं बाया नळावर पाणी भरतात. त्यांच्यासमोर मी पुढं आणि ही सव्वीस वर्षांची पोरगी मागं, मोठ्यानं इंग्रजी बोलत चालायला लागलो. एका शब्दाला एक पाऊल. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण घागर खाली ठेवून म्हणाली, "काहो मॅडम, पोट्टीले परेड शिकवून राह्यल्या काय?"

"हाव, परेडच," मी म्हटलं. "तुमच्या सुनेलेही पाठवा उद्या."

पहिल्या दिवशी तिची चार वाक्यं पुढं पळाली. प्रत्येक वेळी मी तिला पहिल्यापासून चालवलं. दुसऱ्या दिवशी ती रडली, मी थांबले नाही. तिसऱ्या दिवशी तिचा 'र' परत आला, कारण पावलागणिक शब्द टाकताना 'र' गिळायला सवडच मिळत नाही. चौथ्या दिवशी चालता चालता मला मागून एक आवाज आला. मातीत काहीतरी घासत होतं.

मी वळून पाहिलं. पोरगी डावा पाय ओढत होती.

गेलं वर्षभर माझा डावा गुडघा कुरकुरतो आहे. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, आणि मी ऐकत नाही. म्हणजे चार दिवस पुढं चालताना प्रत्येक पूर्णविरामाला मी उजवा पाय रोवून डावा ओढत होते आणि ती निमूट तेच शिकत होती. जे सरांना मी सुनावलं, तेच माझ्या हातून होत होतं. माझ्या पायानं.

"पाय सरळ ठेव!" मी ओरडले. "माह्या पायाकडं पाहू नको. माहा गुडघा खराब आहे."

"मले माहीत आहे न, तुहा गुडघा दुखते ते," ती म्हणाली. "पण आत्या, मले त्याच्यानंच जमून राह्यलं. पाय येईपर्यंत पुढचं वाक्य तयार होते. आणि पेशंटलेही तेवढा वेळ लागतेच समजाले. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याले भरभर सांगितलं त काय कळणार त्याले?"

मी तिथंच विहाराच्या पायरीवर बसले आणि बाया पाहत असताना ढसाढसा रडले. तिला सगळं सांगितलं. सर, मैदान, पुणे, ओसरी, न घेतलेला चहा. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग जाऊन सांग न त्यायले. अजून आहेत न सर?"

"आहेत. पण रिकाम्या तोंडानं नाही जाणार. तू पास हो, मग जातो मी."

"म्हणजे आता तुही पण परीक्षा माह्याच डोक्यावर?"

"हाव. चाल, उठ. पहिल्यापासून."

त्यानंतरचे दिवस आम्ही एकही सकाळ सोडली नाही. मी पेशंट होऊन पुढं चालायचे, ती नर्स होऊन मागं. मोबाइलवाला माणूस तिनं स्वतःच्या हातानं पुसून टाकला. माझी पुण्याची इंग्रजी मी स्वतः बाजूला ठेवली, आणि खरं सांगते, ते मोबाइल पुसण्याहून अवघड होतं.

परीक्षा नेमकी पुण्यात होती. मी सोबत गेले. बाहेर बाकावर बसून मी माझे दोन्ही पाय जुळवून धरले होते, जसं काही मी हलले तर आतली पोरगी अडखळेल. ती बाहेर आली ती हसतच. "आत्या, टेबलाखाली माहा पाय चालू होता," ती म्हणाली. "परीक्षा घेणाऱ्या बाईनं एकदा वाकून पाहिलं."

पास झाली. चांगल्या मार्कांनी पास झाली. घरात, गल्लीत, शाळेत, सगळीकडे पेढे वाटले. डोणगावला मात्र मी गेले नाही. आज पेपर तपासायचे, उद्या गुडघा, परवा पाहुणे. भाची विमानात बसून गेलीसुद्धा आणि मी अजून कारणंच शोधत होते. माझ्यासारखी बोलभांड बाई त्या एका ओसरीला घाबरत होती.

तिकडून तिचे फोन यायला लागले. पहिल्या आठवड्यात तिला कोणाचंच काही कळेना. "आत्या, इथं त्या मोबाइलवाल्यासारखं एकही माणूस बोलत नाही! या गावचे लोक वेगळं बोलतात, पलीकडच्या गावचे वेगळं. आपल्या मेहकर-जालन्यासारखंच आहे. आणि म्हातारे त आपल्या आबासारखे निम्मं पोटातच बोलतात." तिच्या वॉर्डात केरळच्या दोघी आहेत, एक आफ्रिकेची आहे, प्रत्येकीची इंग्रजी आपापली. मग एका रविवारी तिनं सांगितलं की वॉर्डात एक आजी आहेत, कंबरेचं हाड मोडलेल्या. डॉक्टर येऊन काहीबाही सांगून जातात. ते गेले की आजी मोठ्या सिस्टरला म्हणतात, ती थांबून बोलणारी पोरगी पाठवा, तिच्याकडून ऐकते मी.

"थांबून बोलणारी पोरगी म्हणजे मी, आत्या," ती म्हणाली. "गेली का तू सरांकडे?"

दुसऱ्या दिवशी मी डोणगावला जायला मेहकरची एसटी पकडली.

सर अंगणात खाटेवर पडले होते. खूप म्हातारे झालेत. सून म्हणाली, कान बरे आहेत, पण पाय आता नावालाच, खाटेवरून फारसे उठत नाहीत. मी नाव सांगायच्या आधीच ते म्हणाले, "पुण्याची पोरगी आली काय?" मी खाली वाकून त्यांच्या त्या बारीक पायावर डोकं ठेवलं. घोकून आणलेली माफी एकदम विसरले. "सर, मी चुकली," एवढंच निघालं.

"चहा ठेव वो," ते सुनेला म्हणाले. "या बाईचा एक चहा राह्यला आहे."

मी तिथंच भाचीला फोन लावला. तिची ड्यूटी सुरू व्हायला वेळ होता. मी म्हटलं, "सर आहेत समोर. सकाळी वॉर्डात त्या आजींना जसं सांगतेस तसं सांग." आणि फोन सरांच्या कानाशी मोठा करून धरला.

ती बोलली. गुड मॉर्निंग. आज आपण उठून बसणार आहोत. मी तुमचा हात धरते. प्रत्येक वाक्य ठाम, आणि शेवटचा शब्द थोडा लांबलेला. त्यात थोडी तिकडची हवाही शिरली होती, एखाददुसरा शब्द त्या आजींच्या चालीवर गेला होता, पण वाक्य जिथं थांबायचं तिथंच थांबत होतं. सर डोळे मिटून ऐकत होते. पांघरुणाखाली काहीतरी हललं.

"हिले कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"खुर्चीत बसून?"

"नाही सर. चालून."

ते डोळे न उघडताच म्हणाले, "कोणाच्या पायानं?"

"तुमच्या, सर."

त्यांनी पांघरूण बाजूला केलं. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून खाटेखाली सोडला आणि चप्पल चाचपायला लागले. सून आतून धावत आली, बाबा पडाल म्हणाली. त्यांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्याकडे हात केला. "काठी दे. आणि पोरीले सांग, पहिल्यापासून."

भाचीनं पहिल्यापासून सुरू केलं. सर काठीवर, मी माझ्या गुडघ्यावर, फोन दोघांच्या मधे, असे आम्ही फाटकाकडे निघालो. एका शब्दाला एक पाऊल. तिचं वाक्य संपलं तेव्हा आम्ही तुळशीपाशी होतो. दोघांनीही उजवा पाय रोवला, आणि डावा ओढत आणून त्याच्याशी जुळवला.